पांढरी वडी खिशात

आमच्या नागपूरच्या शाळेत ड्रॉइंगचे एक सर होते. सातवीच्या पहिल्याच तासाला ते प्रत्येकाच्या बेंचपाशी आले आणि रंगांच्या डबीतली पांढरी आणि काळी वडी काढून स्वतःच्या खिशात टाकत गेले. पंचेचाळीस पोरांच्या नव्वद वड्या, खिसा फुगला नुसता. "पांढरा कागदात हाय, काळा तुम्ही बनवा," एवढंच बोलले. आम्हाला वाटलं चोरी झाली. माझी तर डबी नवीन होती, आईला घरी जाऊन काय सांगायचं हाच प्रश्न.

पुढे कळलं की जलरंगात हा नियम जुनाच आहे. पांढरा रंग लावायचा नसतो, पांढरं सोडायचं असतं. ढग, पाण्यावरची चमक, देवळाचा चुना लावलेला कळस, जे जे पांढरं ते आधी ठरवून वाचवायचं आणि बाकीचं सगळं भोवतीनं रंगवायचं. एकदा तिथे ब्रश लागला की संपलं. तेलरंगवाल्यांचं बरं असतं, चुकलं की वरून पांढरा थापला. आमच्याकडे ती सोय नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही लेहला गेलो होतो. इतरांनी थर्मल घेतले, मी थर्मल आणि रंगपेटी घेतली. नागपुरात मे महिन्यात चित्र काढायची सवय असलेलं माणूस मी, तिथे आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा मोठा सलग हात, डावीकडून सुरू केला की उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचा पापड झालेला असायचा, कूलरसमोर बसलं तरी तेच. म्हटलं थंडीत निवांत काम होईल, वाळायची घाई नाही. संध्याकाळी होमस्टेच्या गच्चीवर बसले, समोर स्टोकची रांग, उणे बारा वगैरे असेल. कोबाल्ट ब्लूचा छान मोठा वॉश टाकला आणि डोळ्यांदेखत तो कागदावर गोठला. म्हणजे वाळला नाही, गोठला. नेच्याच्या पानांसारख्या रेघा उमटल्या, इतक्या सुंदर की मी उठून नाचले. मग आत आणून बुखारीशेजारी, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीशेजारी, ठेवलं आणि दहा मिनिटांत सगळं वितळून कागदाच्या खालच्या कडेला निळं तळं साचलं. ब्रशही टोकाला काडीसारखा झाला होता.

त्या रात्री गोधडीत पडल्या पडल्या पहिला विचार आला तो हा, की मग ते ध्रुवावर जाणारे लोक कसे रंगवत असतील. कारण रंगवत होते हे माहीत होतं, कुठेतरी ती चित्रं पाहिली होती, गुलाबी बर्फ आणि हिरवट आकाशाची. तिथून जो नाद लागला तो अजून सुटलेला नाही. एक आधीच सांगते, यातलं एकही चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. सगळी स्क्रीनवर. माझ्या फोनवर गुलाबी दिसतं ते लॅपटॉपवर नारिंगी दिसतं, आणि ज्या माणसाबद्दल पुढे सांगणार आहे त्याला हे कळलं असतं तर फार त्रास झाला असता.

पण त्याच्या आधीचे दोघंजण सांगायला हवेत, कारण ते आपल्याकडे येऊन पोचतात.

1772 ला कॅप्टन कुक दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या रेझोल्यूशन जहाजावर विल्यम हॉजेस नावाचा चित्रकार होता, आणि जॉर्ज फोर्स्टर नावाचा एक सतरा वर्षांचा पोरगा, बापाबरोबर, वनस्पती-प्राण्यांची चित्रं काढायला. जानेवारी 1773 मध्ये ते अंटार्क्टिक सर्कल ओलांडून गेले, माणसानं तसं केल्याची ती पहिलीच नोंद. हॉजेसचं त्या दिवसातलं एक चित्र आहे, शाई आणि करड्या निळ्या वॉशमधलं. मोठा हिमनग, बाजूला दोन्ही जहाजं आणि छोट्या होड्यांमधले खलाशी बर्फाचे तुकडे गोळा करतायत, प्यायच्या पाण्यासाठी. समुद्रात तरंगणारा हिमनग गोड्या पाण्याचा असतो, वितळवून पिंपं भरायची. मला उगाच वाटतं की हॉजेसनं ब्रश बुचकळायला तेच पाणी घेतलं असेल, म्हणजे हिमनगाचं चित्र हिमनगाच्याच पाण्यानं. पुरावा काही नाही, पण असो.

फोर्स्टरच्या एका चित्रात बर्फाचे डोंगर आहेत आणि मागे आकाशाच्या तळाशी एक पांढुरकी झळाळी. तिला आइस ब्लिंक म्हणतात. क्षितिजापलीकडच्या बर्फावरचा उजेड ढगांच्या पोटावर पडतो, म्हणजे पुढे बर्फ आहे हे बर्फ दिसायच्या आधी आकाश सांगतं. खलाशांना ती धोक्याची खूण आणि चित्रकाराला तेवढीच जागा फिकी सोडायची. सतराअठरा वर्षांच्या मुलानं ते बरोब्बर टिपलंय.

आता हे दोघं पुढे कुठे गेले बघा. हॉजेस 1780 ला मद्रासला उतरला, वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयानं बनारसपासून आग्र्यापर्यंत फिरला, घाट रंगवले, देवळं रंगवली आणि ग्वाल्हेरचा किल्लाही रंगवला, जो 1780 मध्येच इंग्रजांनी रात्री शिड्या लावून आपल्या शिंद्यांकडून घेतला होता आणि थोड्याच वर्षांत महादजींनी परत मिळवला. म्हणजे ज्या हातानं हिमनग काढला त्याच हातानं ग्वाल्हेरचा तापलेला खडक काढला. आणि फोर्स्टर? त्यानं 1791 ला कालिदासाचं शाकुंतल जर्मनमध्ये आणलं, विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून. जर्मन कवी गटे ते वाचून वेडा झाला तो हाच अनुवाद. आइस ब्लिंक काढणारं पोरगं आणि शकुंतला, मला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला दूध बघ उतू जातंय.

त्यानंतरच्या काळात उत्तरेकडे जाणाऱ्या इंग्रज आरमाराच्या अधिकाऱ्यांनी ढिगानं जलरंग केले. कॅमेरा नव्हता. किनारा दिसतो कसा, डोंगर कुठल्या क्रमानं लागतात, हे हातानं काढूनच आणावं लागायचं, म्हणून ड्रॉइंग हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. जॉन फ्रँकलिनच्या 1819 च्या कॅनडातल्या सफरीत जॉर्ज बॅक आणि रॉबर्ट हूड असे दोघं मिडशिपमन, म्हणजे आरमारातले शिकाऊ अधिकारी, चित्रं काढणारे. हूडला परतीच्या वाटेवर, उपासमारीच्या दिवसात, गोळी लागून मरण आलं, चित्रं मात्र घरी पोचली. सॅम्युएल क्रेसवेलचं इन्व्हेस्टिगेटर जहाजाचं चित्र तर भीतीदायक आहे, 1851 चा प्रसंग, जहाज बर्फात अडकून कलंडलंय आणि आजूबाजूला माणसं मुंग्यांएवढी. जलरंग सोयीचे म्हणून हे सगळं जमलं. डबी खिशात मावते, तेल नको, टर्पेंटाइन नको, कागद लवकर वाळतो. गोठतो ही गोष्ट सोडली तर.

आता तो माणूस. एडवर्ड विल्सन.

जन्म 1872, इंग्लंडातलं चेल्टनहॅम. शिक्षणानं डॉक्टर, आवडीनं पक्षीवेडा, चित्रकला कुणाकडे शिकला नाही, स्वतःच. कलेवर लिहिणारा रस्किन वाचायचा, इंग्रज चित्रकार टर्नरचे जलरंग बघायचा. डॉक्टरकी पूर्ण होता होता टीबी झाला, 1898 मध्ये, तेव्हा नॉर्वे आणि मग स्वित्झर्लंडमधल्या दावोसला हवापालटाला राहिला. ज्याची फुप्फुसं अशी, तो 1901 ला दक्षिण ध्रुवाकडे मोहिमा नेणाऱ्या कॅप्टन स्कॉटच्या डिस्कव्हरी जहाजावर दुय्यम डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार अशा तिन्ही कामांवर अंटार्क्टिकाला निघाला. निघायच्या तीन आठवडे आधी लग्न केलं. बायकोचं नाव ओरियाना. तीन आठवडे, आणि मग तीन वर्षं.

त्या आजारपणाच्या काळातलं त्याचं एक चित्र आहे, 1899 चं. ट्रीक्रीपर नावाचा छोटा तपकिरी पक्षी, मेलेला, आडवा पडलेला, एकेक पीस मोजून काढल्यासारखं. हे चित्र 2016 मध्ये सापडलं आणि कुठे सापडलं तर अंटार्क्टिकातल्या केप एडेअरच्या झोपडीतनं आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, बुरशी आणि पेंग्विनच्या शिटेनं माखलेल्या. कागद साफ करणाऱ्या संवर्धक बाईंना ते कुणाचं आहे ते कळेना. नंतर कुठल्याशा एका दिवसाच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी विल्सनची कागदपत्रं दाखवली आणि बाईंनी अक्षर ओळखलं. चित्रातले रंग काल लावल्यासारखे. जलरंगाचा खरा शत्रू उजेड, आणि तिथे शंभराहून जास्त वर्षं अंधार, गारठा आणि वर कागदांचं ओझं. आपल्याकडे पावसाळ्यात महिन्याभरात कागदावर ठिपके पडतात. मी तर सिलिका जेलच्या पुड्या बुटांच्या खोक्यांतनं जमवून ठेवते.

बरं तर विल्सनची पद्धत. बाहेर जाऊन तो रंगवायचाच नाही. बाहेर फक्त पेन्सिल. पाणी गोठतं पण शिसं गोठत नाही, इतकं साधं. झटपट रेषा काढायच्या आणि त्या रेषांच्या मध्ये, आकाशात, डोंगरात, बर्फाच्या उतारावर, बारीक अक्षरात रंगांची नावं लिहायची. इथे हा, वर जाताना असा होतो, सावलीत तो. मग झोपडीत परत येऊन, हात शेकून, कधी दुसऱ्या दिवशी तर कधी महिन्यांनी, त्या शब्दांवरून आणि आठवणीवरून जलरंगात चित्र करायचं. स्कॉटच्या डायरीत याची नोंद आहे. 1911 च्या हिवाळ्यात, दुसऱ्या मोहिमेत, सगळे केप इव्हान्सच्या लाकडी झोपडीत अडकून पडले होते तेव्हा वेळ घालवायला आळीपाळीनं व्याख्यानं ठेवायचे, विल्सननं स्केचिंगवर दिलं. स्कॉट म्हणतो की रंगीत खडूंपेक्षा ही लिहून आणायची पद्धत त्या हवेला जास्त योग्य, थंड बोटांच्या माणसाला झेपेल अशी, आणि बघायची सवय वाढेल तशी अचूक होत जाणारी. आणि मग विल्सन अचूकपणावर घसरला, अगदी रस्किनच्या थाटात.

बोटांचं तर विचारू नका. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की बोटं कुठायत हेच कळत नाही, आणि डोळ्यांतनं पाणी वाहत असताना काही दिसत नाही. जाड हातमोज्यात पेन्सिल धरता येत नाही म्हणून हात काढायचा, दोनचार रेषा मारायच्या, परत आत घालायचा, जीव आला की परत काढायचा. एक डोंगर किती हप्त्यांत होत असेल याचा हिशोब करून बघा.

मी हे वाचलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, ही तर फसवणूक झाली. जलरंगाची मजा म्हणजे समोर बसून, हवा अंगावर घेऊन, घाईनं लावलेला रंग. हा माणूस घरात बसून, ॲसिटिलीनच्या दिव्याखाली, आठवून रंगवतोय. पण मग लेहच्या दुसऱ्या दिवशी मी करून पाहिलं. रंगपेटी खोलीत ठेवली, वही आणि पेन्सिल घेऊन गच्चीत गेले आणि डोंगरांच्या रेषांमध्ये रंग लिहायला लागले.

आणि अडले. फोटो काढताना आपल्याला रंगाचं नाव माहीत असायची गरज नसते. रंग लावतानासुद्धा नसते खरं तर, मिसळत जायचं, जुळला की थांबायचं. पण लिहायचं म्हटलं की ठरवावं लागतं. समोरच्या सावलीला काय म्हणू? निळा, बरं, कुठला निळा? आकाशी नाही, मोरपंखी नाही, चिंतामणी तर नाहीच नाही. मी पाच मिनिटं नुसती बघत राहिले आणि त्या पाच मिनिटांत जितकं बघितलं तितकं आधीच्या तीन दिवसांत बघितलं नव्हतं. सावली वरच्या कडेला जांभळट होती, खालच्या बाजूला, जिथे उन्हातल्या बर्फाचा उजेड परत फिरून येत होता, तिथे निळ्यात काहीतरी उबदार होतं. आणि जो भाग मी आयुष्यभर पांढरा म्हणून कोरा सोडला असता तो पांढरा नव्हताच. कोरा कागद शेजारी धरला तर कागदच निळसर दिसत होता आणि उन्हातला बर्फ श्रीखंडाच्या रंगाचा.

वहीत मी तेच लिहिलं, "श्रीखंडी, पण केशर कमी." त्याखाली आमसुली, अंजिरी, वांग्याच्या सालीची आतली बाजू, शिळ्या ताकाचं पाणी. पुण्याला आल्यावर वही उघडली तर मेन्यूकार्ड. मराठी माणसाचा रंग पोटातनं येतो की काय कोण जाणे. अबोली, केतकी, गुलबक्षी अशी फुलांची नावंही आहेत आपल्याकडे पण थंडीत कुडकुडताना मला एकही सुचलं नाही, सगळं जेवणच सुचत होतं. पण गंमत म्हणजे ते शब्द चालले. "केशर कमी" वाचलं आणि मला नेमका तो उजेड दिसला. त्याच डोंगराचे माझ्या फोनमध्ये अडतीस फोटो आहेत, एकातही तो नाही.

विल्सनच्या बरोबर दुसऱ्या मोहिमेत हर्बर्ट पाँटिंगसारखा जबरदस्त फोटोग्राफर होता, त्याचे फोटो आजही बघत राहावेत असे. पण करड्याच्या सगळ्या छटा आणल्या तरी तो करडाच. ऑगस्टमध्ये, तिथल्या हिवाळ्यातल्या चार महिन्यांच्या अंधारानंतर, सूर्य परत येतो तेव्हा आकाश कुठल्या रंगाचं असतं हे लोकांना कळलं ते विल्सनच्या कागदावरून.

बघण्याची किंमत मात्र त्यानं डोळ्यांनीच मोजली. पहिल्या मोहिमेत, नोव्हेंबर 1902 ते फेब्रुवारी 1903, स्कॉट, शॅकलटन आणि विल्सन तिघं दक्षिणेकडे चालत निघाले, 82 अंशांच्या पुढे गेले. कुत्री एकेक करून मेली, खायला कमी पडलं, स्कर्व्ही सुरू झाला. दिवसभर स्लेज ओढून झाली की बाकीचे तंबूत आडवे व्हायचे आणि विल्सन बाहेर बसून दोन दोन तीन तीन तास पश्चिमेच्या डोंगररांगा काढायचा, लांबच लांब पट्ट्यासारखी चित्रं, कारण तो किनारा आधी कुणी पाहिलेलाच नव्हता आणि नकाशाला ते लागणार होतं. बर्फावरून उलटून येणाऱ्या उन्हानं डोळ्यांचा वरचा पापुद्रा भाजतो, वाळू भरल्यासारखं दुखतं, उघडवत नाही. बर्फांधळेपणा. डोळ्यांत कोकेनचे थेंब घालायचे, तेव्हा तेच औषध होतं. डिसेंबरच्या शेवटी त्याची अशी अवस्था झाली की डोळ्यांवर पट्टी बांधून तो स्लेज ओढत होता.

आणि इथे स्कॉट बाजूनं चालत चालत त्याला सांगतोय, उजवीकडे आता नवा डोंगर दिसायला लागला, असा आहे, एवढा आहे.

मी या प्रसंगापाशी बराच वेळ थांबले होते. ज्याचं कामच बघणं तो आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा चाललाय, कधीच कुणी न पाहिलेला मुलूख बाजूनं सरकतोय आणि दुसरा माणूस त्याला तो तोंडी सांगतोय. पण विल्सननं त्या दिवसाबद्दल डायरीत काय लिहिलं असेल? हळहळ नाही. त्यानं लिहिलंय की पट्टी बांधून चालताना स्कीचा सळसळ आवाज ऐकून त्याला वाटत होतं आपण इंग्लंडातल्या रानात वाळक्या पानांतनं चाललोय, ब्लूबेलच्या रसरशीत फुलांतनं चाललोय, ती दिसतायत जवळजवळ, वासही येतोय. मजा आली, असं म्हणतो हा माणूस. मला राग आला खरं सांगते. इतकं कसं कुणी गोड असू शकतं, एक शिवी तरी द्यावी. पण मग वाटलं की ज्याला रंग आठवणीत साठवायची सवय आहे त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून काय फरक पडणार, तो आपला आतला गठ्ठा उघडून बसला.

त्याचं एक चित्र मला सगळ्यात जास्त आवडतं, दिवसाचं नाही, रात्रीचं. केप इव्हान्स, 15 जून 1911, रात्री साडेनऊ. हे सगळं त्यानं चित्रावरच लिहून ठेवलंय, साडेनऊसकट. चंद्राभोवती खळं पडलंय आणि त्या खळ्यावर दोन्ही बाजूंना खोटे चंद्र. हवेत तरंगणारे बर्फाचे षटकोनी स्फटिक उजेड वाकवतात म्हणून होतं ते, खळं चंद्रापासून नेहमी 22 अंशांवरच पडतं. हात सरळ लांब करून वीत पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढं अंतर होतं, कोजागिरीला वगैरे कधी खळं दिसलं तर मोजून बघा. आता कुठलाही चित्रकार इथे जरा वाहवत गेला असता, खळं थोडं मोठं केलं असतं, चंद्र थोडे ठळक. टर्नरनं तर नक्कीच केलं असतं. विल्सन नाही. त्याला हवामानवाल्यांनी उद्या कोन मोजले तरी चालतील असं चित्र काढायचं होतं. पांढरा रंग न लावता, निळ्या-करड्या वॉशमधनं कागद सोडून सोडून चार वर्तुळं उजळ ठेवायची, करून बघा घरी. मी बघितलंय. माझा चंद्र म्हणजे अप्पे.

त्यानंतर बारा दिवसांनी तो मोहिमेतल्या बॉवर्स आणि चेरी-गॅरार्डला घेऊन काळ्याकुट्ट हिवाळ्यात एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाला. पाच आठवडे, एकदा तर पारा उणे 60 सेल्सिअसखाली, तंबू वादळात उडून गेला तो नशिबानं परत सापडला, अंडी आली तीन. तो प्रवास फार जणांनी सांगितलेला आहे, मी नव्यानं सांगत नाही. चित्रकलेच्या दृष्टीनं एवढंच की महिनाभर उजेडच नव्हता.

दक्षिण ध्रुवावर स्कॉट, विल्सन, बॉवर्स धरून पाचजण पोचले 17 जानेवारी 1912 ला. आदल्या दिवशीच काळा झेंडा दिसला होता, म्हणजे नॉर्वेचा अमुंडसेन आधी येऊन गेला हे कळलं होतं. आयुष्याचं सगळं ओझं ओढत ज्यासाठी आलो ते दुसऱ्यानं नेलं, हवा उणे 30 च्या आसपास, आणि विल्सन हातमोजा काढून काय काढतो तर तोच काळा झेंडा, आणि अमुंडसेननं सोडलेला तंबू. जे आहे ते काढायचं. तंबू दुसऱ्याचा असला तरी दोऱ्या बरोबर पाहिजेत.

परत येताना फेब्रुवारीत बिअर्डमोर हिमनदीवर, अंगात त्राण नसताना, ते अर्धा दिवस दगड बघायला थांबले. विल्सनच्या नजरेला कोळशाच्या थरात पानांचे ठसे दिसले. मिळून 35 पौंड, म्हणजे सोळा किलो दगड त्यांनी स्लेजवर घेतले आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. मार्चअखेरीस तंबूत उरलेले तिघं संपले, स्कॉट, विल्सन, बॉवर्स. शोध घेणारे 12 नोव्हेंबरला पोचले. त्या शोधपथकात हिंदुस्थानातून मागवलेली खेचरं होती, गुलाब, राणी, बेगम, प्यारी, लाल खान अशी नावं असलेली, हे मला खोटं वाटलं होतं पण खरं आहे. तंबूत डायऱ्या मिळाल्या, विल्सनची पेन्सिल स्केचेस मिळाली आणि ते दगड मिळाले. स्केचेस घरी आली, पण ती रंगवायला तो घरी आला नाही. आता ती त्याच्या बऱ्याचशा कामाबरोबर केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

दगडांमधली पानं ग्लोसॉप्टेरिसची निघाली. जिभेच्या आकाराची पानं, 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीची. हेच झाड आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे सापडतं, म्हणजे हे सगळे भूभाग कधीकाळी एकमेकांना चिकटलेले होते आणि त्या एकत्र खंडाचं नाव गोंडवाना, आपल्या गोंडवनावरून, गोंडांच्या मुलखावरून. ते वाचलं आणि मी फोन खाली ठेवला.

कारण माझा मामा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत होता. आणि नागपूरच्या घरी टेलिफोनच्या डायरीवर वजन म्हणून एक चपटा दगड कायम असायचा, मामानं आणलेला, त्यावर पानाची नक्षी. आम्ही लहानपणी त्यावर पेन्सिलचं टोक घासायचो. आईला फोन केला, म्हटलं तो दगड आहे का गं. "काऊन, तुले काय करायचा?" म्हणाली. होता. लँडलाइन गेली, डायरी गेली, दगड कुंडीखाली सरकवलेला होता, कुंडी हलू नये म्हणून.

दिवाळीत घेऊन आले. धुतला तर पान स्वच्छ दिसलं, मधली शीर आणि दोन्हीकडे जाळी. ग्लोसॉप्टेरिसच आहे की नाही ते एखादा भूशास्त्रवाला सांगेल, मला तरी जीभ दिसते. गेले तीन रविवार तो टेबलावर ठेवून काढतेय. पहिल्या रविवारी फक्त पेन्सिल आणि शब्द, नियम म्हणजे नियम. काळा आहे असं लिहायला गेले आणि लिहिता येईना, कारण खिडकीकडच्या बाजूला तो करडा होता, त्यात निळसर झाक, आणि पानाच्या आत, जिथे जरा चमकतो, तिथे चक्क तपकिरी. वहीत लिहिलंय, "तव्याची मागची बाजू. पानात: गूळ, चिक्कीचा, पहिल्या पाकाचा."

निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना घातला की काळा होतो, सरांनी शिकवलेलं. निळा जास्त झाला की थंड, सिएना जास्त झाला की उबदार. काल रात्री तवा जमला. गूळ अजून लाल येतोय.